साठीवरच्यांची यादी

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, आणखी दहा वर्षांनी तुझ्याजवळ कोण असेल?" मी पटकन म्हणाले, "सगळे आहेत की." फोन ठेवल्यावर लक्षात आलं, घरात मी एकटीच होते. हेच उत्तर मी पूर्वी दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलं आहे आणि ते लिहून घेताना माझ्या हातून चूक झाली होती. चूक नेमकी कुठे झाली, ते मला अजून ठरवता येत नाही. म्हणून जसं घडलं तसं लिहून ठेवते.

स्वातंत्र्याला दहा-अकरा वर्षं झाली असतील. तुमचे आजोबा बोर्लीच्या पुढे समुद्रकाठच्या एका गावात मास्तर होते. मी इंग्रजी घेऊन मॅट्रिक झालेली, अक्षर चांगलं. म्हणून कचेरीतले कारकून एक छापील तक्ता घेऊन आमच्याकडे आले. कोळीवाड्यातली साठीवरची माणसं मोजायची आणि येत्या पंधरा वर्षांत त्यांतल्या कुणाला सांभाळणारं कोणी नसेल, ते लिहायचं. अशी माणसं जिथे जास्त, त्या गावाला एक सेविका मिळणार होती. औषधपाणी बघणारी, अंथरुणाला खिळलेल्यांना धुणारी.

पहिलंच घर एका विधवा म्हातारीचं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. काठ्यांवर बोंबील वाळत घालायची ती हातांनी चाचपून.

"आजी, वय किती?"

"साठ लिव. न्हायतर सत्तर लिव, तुला बरं दिसंल तसं."

"घरात कोण कोण?"

"दोन ल्योक, दोन सुना, पाच नातरं."

झोपडीत एक चूल आणि एक चटई होती. मुलगे मुंबईला गोदीत, बायकापोरांसकट. पण कोळीवाड्यात मुंबईला गेलेला माणूस घरातच धरत. 'कोणी नाही' हे फक्त वंश संपलेल्या घराबद्दल बोलायचं. मला हे ठाऊक नव्हतं. सांगतील तसं मी लिहीत गेले. तक्ता भरला तेव्हा कागदावर घरं गच्च भरलेली होती आणि सेविकेची गरज कुणालाच नव्हती. तुमचे आजोबा म्हणाले, "हे गाव कुठे आहे ते दाखव, मी तिथे बदली मागतो."

मी पुन्हा म्हातारीकडे गेले आणि वेगळं विचारलं. "आजी, काल पाणी कोणी आणलं?"

"हिनं," म्हणत तिनं कुंपणापलीकडे बोट दाखवलं. शेजारच्या घरातली सून, माझ्याच वयाची, कडेवर पोर.

ती तिकडूनच ओरडली, "पानी आनते म्हनून तुजी सून झाले व्हय? वर हंडा घासून मागते ही!"

"खरकट्या हातानं आनतेस, मंग घासाया नको?" म्हातारी म्हणाली. "मास्तरीणबाय, तुला विंग्रजी येतं, पन इचाराया येत न्हाय. पान्याचं काय इचारतेस?"

कारकुनांना मी म्हटलं, "भाऊसाहेब, शेजारणीचा रकाना हवा."

"वहिनी, शेजारीण यात बसत नाही. जवळ राहणारं नात्याचं माणूस लिहा, नाहीतर 'कोणी नाही' लिहा."

मी म्हातारीपुढे 'कोणी नाही' लिहिलं. मग तशाच आणखी बऱ्याच जणांपुढे.

यादी शाळेच्या ओसरीवर सगळ्यांसमक्ष वाचली गेली. म्हातारी पुढेच बसली होती. आपलं नाव आलं तशी ती भिंतीला धरून उठली. "माजी पोरं जिती हायत. तू मारलीस त्यांना, मास्तरीण?" तिच्यामागून एकेकानं उठून आपापल्या मुलांची नावं पुन्हा घालायला लावली. कारकुनांनी मुकाट्यानं घातली. सेविका दुसऱ्या गावाला गेली.

पुढच्या पावसाळ्यात म्हातारी उंबऱ्यात पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. चार महिने ती अंथरुणात होती. धुणं, भरवणं, कूस बदलणं सगळं शेजारच्या सुनेनं केलं. मुलांची कार्डं यायची; ती मी वाचून दाखवायची. एकेक कार्ड म्हातारी दोनदा वाचायला लावी, पण माझ्याशी दुसरं काही बोलत नसे. एक दिवस ती सून मला दारात अडवून म्हणाली, "ती बाय येनार व्हती ना? कदी येनार?" तिच्या हातांना धुण्याच्या सोड्यानं भेगा पडल्या होत्या.

दिवाळीच्या आधी म्हातारी गेली. मुलगे बोटीनं आले, खूप रडले. ते खोटं नव्हतं. मग माझा कुठला तक्ता खरा होता, पहिला की दुसरा? मी हट्ट धरला असता तर त्या सुनेचे हात वाचले असते, पण म्हातारीला कोणी नाही असं कायमचं लिहिलं गेलं असतं. ते तिला सोसलं असतं का, ते मी तेव्हाही विचारलं नाही.

झोपडीच्या जागी आता दोन खोल्यांचं पक्कं घर आहे. म्हातारीची नातवंडं शिमग्याला येतात तेव्हा ते उघडतं. शेजारची सून अजून आहे. एरवी घराची चावी तिच्याकडे असते.