बिनहिंगाचं वरण

सत्तरच्या दशकात यजमानांच्या बँकेने आम्हाला बंगालात, बालीगंजला आणून टाकलं, तेव्हा मला आकड्या येत होत्या. इस्पितळातल्या डॉक्टरांनी मान वर न करता गोळ्या लिहून दिल्या. त्या मी कपाटात टाकल्या. गल्लीतले होमिओपॅथ मात्र निवांत विचारत बसायचे. कोणत्या कुशीवर झोपता, ढग गडगडले की भीती वाटते का, रडू आलं की कुणी जवळ असावंसं वाटतं का. परक्या गावात माझी इतकी विचारपूस कुणी केली नव्हती. त्यांच्या साबुदाण्याएवढ्या गोड गोळ्यांना पथ्य होतं: कांदा, लसूण, हिंग, कॉफी बंद. मी ते कडक पाळलं. यजमानही माझ्याबरोबर बिनहिंगाचं वरण मुकाट्याने जेवत. मला वाटलं, चला, स्वारी आपल्या बाजूला वळली.

आकड्या थांबल्या नाहीत. एकदा तीन वर्षांच्या लेकीला न्हाऊ घालतानाच आली. पोरीचं रडणं ऐकून शेजारच्या काकीमा धावल्या म्हणून निभावलं. संध्याकाळी यजमान म्हणाले, "तू बरी होईपर्यंत हिला नागपूरला आईकडे ठेवू."

मी भांडले, जेवले नाही. शेवटी ठरलं की आधी मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंना दाखवायचं. आकडीचे रोगी तेव्हा त्यांच्याकडेही जात. "मला वेड्यांच्या डॉक्टरकडे नेताय," असं ऐकवतच मी टॅक्सीत बसले.

बाई वयस्क, बंगाली वळणाचं हिंदी सावकाश बोलणाऱ्या. गोड गोळ्यांना हसल्या तर उठून यायचं, असं मी ठरवून गेले होते. त्या हसल्या नाहीत. मी पथ्यासकट सगळं सांगितलं, आम्ही दोघंही पाळतो हेही जरा तोऱ्यात सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "इस्पितळाच्या गोळ्या का नकोत?"

"त्या घेतल्या की मला फेफरं आहे असं ठरतं. आमचे होमिओपॅथ तो शब्द कधी काढत नाहीत," मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं. त्यांनी मला रडू दिलं.

नंतर त्या यजमानांकडे वळल्या. "तुमचा विश्वास आहे त्या गोळ्यांवर?"

"अजिबात नाही."

"मग हिंग का सोडला?"

हे मुलखाचे अबोल. खाली बघत म्हणाले, "ही समोर तसलं जेवणार आणि मी फोडणीचं ओरपणार? घास उतरला नसता."

बाई मला म्हणाल्या, "विश्वास नसताना यांनी तुमचं पथ्य पाळलं. तुम्हीही विश्वास न ठेवता माझं औषध घ्या. त्या होमिओपॅथकडेही जात राहा, मन मोकळं करायला."

 गोळी घेऊ लागले, तीही चिडूनच. आकड्या विरळ झाल्या, मग थांबल्या. नागपूरची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही.

पुढे एका रविवारी मी वरणाला हिंगाची फोडणी दिली. यजमानांनी दुसऱ्यांदा वरण घेतलं. लेकीने मात्र ताट ढकललं आणि नाक मुरडून म्हणाली, "आई, याला कसला तरी वास येतोय."

ती माझ्या शेजारी बसून नाक मुरडत होती. मला फार बरं वाटलं.