ताईची काटकसर

आमच्या सासऱ्यांना दिवे बंद करण्याचा छंद आहे. खोलीत माणूस बसलेला असला तरी त्यांचं काही अडत नाही. या छंदातली त्यांची एकमेव शिष्या म्हणजे त्यांची थोरली लेक, माझी नणंद. ताई घरीच शिवणकाम करते. दारावरची घंटी वाजली की आधी मशीनवरचा दिवा विझवते आणि मगच दार उघडते. "काटकसर शिकावी तर हिच्याकडून," असं सासरे येईल-जाईल त्याला सांगतात, आणि सांगताना बघतात मात्र माझ्याकडे.

ताईच्या गालांवर मुरमांचे जुने खड्डे आहेत. वरून उजेड पडला की प्रत्येक खड्ड्यात सावली बसते. सावली नको म्हणून उजेड नको, इतकं सोपं गणित. पण लिंबापासून टूथपेस्टपर्यंत सगळं तिच्या तोंडाला थापून पाहिलेल्या या हुशार मंडळींना ते कधी सुटलं नाही. मी सांगितलं असतं, पण सुनेचं गणित या घरात कच्चंच धरतात.

काळ्या कापडावर काळा दोरा अंधुक उजेडात चालवून शेवटी ताईचे डोळे बिघडले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बजावलं, भरपूर उजेडात बसा, नाहीतर शिवण सोडा. शिवण सोडली तर ताईकडे उरणार काय? मी तिला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"खड्ड्याच्या तळाला आतून धागे ओढून धरतात," बाई म्हणाल्या. "बारीक सुई घालून ते सोडवायचे. मोठी कापाकापी नाही."

"म्हणजे उसवायचं," ताई म्हणाली.

"तसंच. पण सगळे खड्डे जाणार नाहीत हं. निम्मा फरक पडेल."

"निम्मा पुरे."

सुजलेले, काळेनिळे गाल घेऊन ती घरी आली. "आता या वयात कुणाला दाखवायचंय?" सासूबाईंनी विचारलं. "पैसे देऊन मार खाऊन आली!" सासरे म्हणाले. कौतुक करावं तर आमच्याच माणसांनी. सूज ओसरल्यावर ताई पुन्हा गेली. असे काही महिने गेले. बरेच खड्डे उथळ झाले, काही हटवादी तसेच राहिले. शेवटी तेही आमच्याच घरातले.

परवा संध्याकाळी घंटी वाजली. मी स्वयंपाकघरात कान टवकारले. दिव्याच्या बटणाचा खटका ऐकू आलाच नाही. मी दारातून डोकावून पाहिलं. कोट न्यायला आलेल्या बाईंनी दिव्याखाली कॉलर पाहिली, एक बटण सैल असल्याचं सांगितलं, ते घट्ट करून घेतलं आणि गेल्या. ताईनं जन्मभर लपवलेल्या चेहऱ्याकडे बघायला त्यांना फुरसतच नव्हती.

तेवढ्यात सासरे आले आणि सवयीनं त्यांनी दिव्याचं बटण दाबलं.

"बाबा, लावा तो," ताई अंधारातून म्हणाली.

"अगं, तूच तर नेहमी..."

"मी काटकसर कधीच केली नाही, बाबा. माझं तोंड कुणाला दिसू नये म्हणून विझवायचे."

मग सासऱ्यांनी दिवा लावला. त्यांना दिवा लावताना मी तरी पहिल्यांदाच पाहिलं. ते लेकीकडे बघत उभे राहिले. गालांचं काही बोललेच नाहीत.

"तुझे केस कधी पांढरे झाले गं?"

ताईनं सुईत दोरा ओवला.

"झाले, बाबा. अंधारातच झाले."