अनवाणी सायकल

सायकल मला पहिल्यापासून आवडत नाही. आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणाला वाटायला नको की पंचेचाळिशीत शिकला म्हणजे हौशी माणूस असेल. हौस-बिऊस काही नव्हती. डॉक्टरनं ती माझ्या गळ्यात घातली आणि बायकोनं शिकवली. दोघांचाही मला राग आला होता. पण सगळ्यात जुना राग दादाचा, माझ्या थोरल्या भावाचा.

आम्ही मेंढरंवाले. कळमनुरीपासून दोन-अडीच कोसांवर, नांदेड रोड सोडून आत आमचं गाव. बापानं जन्मात एकच सायकल घेतली, ती थोरल्यासाठी. तो हायस्कूलला कळमनुरीला जायचा आणि मी मेंढरांमागं. सायकल ओसरीत उभी असायची, वर धुतलेलं फडकं टाकून. आमच्या अंगावर धड कापड नसायचं, पण सायकलीवर असायचं. एकदा मी तिची नुसती घंटी वाजवली. दादानं सगळ्या आळीसमोर माझ्या कानफटात हाणली. म्हणाला, "शेणामुतात बरबटलेले पाय तुझे. दूर हो." बाप तिथंच बसून मेंढी कातरत होता. त्यानं मान वर केली नाही.

मग मी माझी समजूत घालून घेतली. म्हटलं, ज्याला चालता येतं त्याला सायकल कशाला लागते? आमच्यात पायाचा मोठा गर्व. बाभळीचा काटा तळव्यात मोडला तरी आम्हाला खबर नसायची. बाप संध्याकाळी चुलीपुढं बसून सुईनं काटे काढायचा आणि हसायचा, "अर्धी बाभळ पायात घेऊन आलो." ज्याच्या पायाला काटा कळतो तो धनगर कसला, असं आमच्यात बोललं जायचं. मीही तेच बोलत मोठा झालो.

पुढं बाप गेला. चराईची रानं नांगराखाली आली, मेंढरं विकली. दादा गावात शेती बघत राहिला आणि मी कळमनुरीत सरकी-पेंडीचं दुकान टाकलं. दिवसभर गादीवर बसायचं, आलेल्या गिऱ्हाइकाबरोबर चहा प्यायचा, बाजाराच्या दिवशी तर किती कप होतात त्याला गणती नाही. चालणं संपलं. पोट गादीवर माझ्याआधी येऊन बसायला लागलं.

हिंगोली वेगळा जिल्हा झाला, त्याच साली दादाचा डावा पाय घोट्याच्या वरून कापला. त्याला शुगर होती. पायाला काही लागलं, ते चिघळलं, नांदेडला नेईस्तोवर उशीर झाला. मी दवाखान्यात एकदाच गेलो. तो भिंतीकडं तोंड करून पडला होता. मी उशाला डझनभर केळी ठेवून परत आलो. शुगरवाल्याला केळी घेऊन जाणारा मी शहाणा.

येताना गाडीत मी काय विचार केला तेही सांगतो. मला वाईट वाटलं नाही. मी म्हटलं, सायकलीवर फिरून फिरून ह्याचे पाय बामणी झाले होते, म्हणून एवढ्याशा जखमेनं सडले. आपले पाय रानात तापलेले. आपल्याला काय धाड भरली आहे.

धाड चार-पाच वर्षांनी भरली. सारखी तहान, सारखं लघवीला उठणं. आमच्या न्हाणीच्या मोरीला मुंग्या लागल्या, त्या बघून बायकोनं ओळखलं. ती मला धरून डॉक्टरकडं घेऊन गेली. डॉक्टर काल मिसरूड फुटल्यासारखा पोरगेला. त्यानं रिपोर्ट बघितला आणि बायकोनं त्याला दादाचं सगळं सांगून टाकलं, नको तिथं तोंड उघडायची तिला सवयच आहे. तो म्हणाला, "काका, वजन उतरवा. गुडघे खराब आहेत, चालणं झेपणार नाही. सायकल चालवा. साखर खाली आली नाही तर तुम्हीही भावाच्याच वाटेनं जाल."

म्हणजे जगात एवढे व्यायाम असून त्याला सायकलच सापडली.

"पायाला मुंग्या येतात का? बधिर वाटतात का तळवे?" त्यानं विचारलं.

"आमी धनगर हाव. आमच्या तळव्याला काटाबी कळत न्हाई."

"तसं नाही काका. रोज तळवे बघत जा."

"तळवे बघायला मी काय मेंदी लावलेली नवरी हाव का?" मी म्हटलं. बायको खाली बघून हसली. डॉक्टर हसला नाही. त्यानं गोळ्या लिहून दिल्या आणि पुढच्याला आत बोलावलं.

मी जुन्या बाजारातून एक सायकल आणली. काळी, उंच दांडीची, तंतोतंत दादाच्या सायकलीसारखी. दुसरी घ्यायची तर होती, पण दुकानदाराकडं तेवढीच होती. दोन्ही पायडलांचं रबर केव्हाच गेलेलं, नुसता लोखंडी सांगाडा उरलेला. मी म्हटलं, चालतंय, मला काय शर्यतीत जायचं आहे?

आठवडी बाजाराच्या मैदानावर बाजार नसेल त्या दिवशी सकाळी शिकायला जायचं ठरलं. बायकोनं पदर खोचून कॅरियर धरलं. तिला माहेरी असताना भावांच्या सायकली मारून मारून चांगली येत होती, हे मला लग्नानंतर वीस-बावीस वर्षांनी त्या मैदानावर कळलं. मी टांग टाकायचो, हँडल एकीकडं, मी एकीकडं आणि बायको कॅरियर सोडून तिसरीकडं.

"काहून सोडलं गं?"

"अवो, तुमी माझ्यावरच पडून राहिले की."

"ही जमीनच सखल हाय इकडं."

"व्हय. नाचता येईना अंगण वाकडं."

तिथं म्हशी चारायला आलेली माणसं उभी राहून बघायची. एकजण रोज म्हणायचा, "शेटजी, कैचीनं शिका आधी, कैचीनं." दांडीखालून पाय घालून लहान पोरं चालवतात तसं. माझं पोट दांडीखालून जाणार होतं का? त्याला मी पुढं दुकानात उधार द्यायचं बंद केलं.

आणि अंग. अंगाचं काय सांगू. पहिल्या आठवड्यात बसायची जागा अशी सोलून निघाली की दुकानात गादीवर बसणं झालं नाही, पोत्यांना टेकून उभा राहून धंदा केला. मांड्यांच्या आतून घासून आग. तळहाताला फोड. मनगटं सुजली. मानेत असा पीळ पडला की गिऱ्हाईक डावीकडून आलं तर अख्खं अंग वळवावं लागायचं. पोटऱ्या रात्री गोळा होऊन यायच्या. बायको एरंडाचं पान गरम करून मांडीवर बांधायची आणि मी डॉक्टरच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचो. मला वाटायचं, चालून चालून तयार झालेलं हे अंग, मग ह्याला हे का जमत नाही? चालायचे पाय वेगळे आणि सायकलीचे वेगळे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. एवढ्या सगळ्या अंगात फक्त तळवे शहाण्यासारखे गप्प होते. ते कुठं दुखत नव्हते. मी बायकोला म्हणायचो सुद्धा, "बघ, बाकी सगळं कुरकुर करून राहिलं, पण धनगराचा तळवा बोलत न्हाई."

चपला घातल्या की लोखंडी पायडलावरून सटकायच्या. म्हणून मी चपला हँडलला अडकवायचो आणि अनवाणी चालवायचो. अनवाणी पायाला पकड चांगली मिळते.

"लागन की ओ पायाला," बायको म्हणाली.

"लागलं तर कळंलच की."

महिनाभरानं मी पडायचा थांबलो. दोन महिन्यांनी मैदान सोडून रोडवर आलो. मागून ट्रकनं हॉर्न दिला की काळजात धस्स व्हायचं, पण पडत नव्हतो. पायजम्याची नाडी वीतभर जास्त लोंबायला लागली. जिना चढताना धाप लागेनाशी झाली. झोप अशी लागायची की बायको सकाळी हलवून उठवायची. साखर खाली आली, डॉक्टर खूश झाला, त्याचाही मला राग आला, कारण तो बराबर निघाला होता. पण खरं सांगतो, नांदेड रोडच्या उतारावर पाय न मारता सायकल आपसूक धावायची, कानात वारं भरायचं, आणि मला वाटायचं की ह्या सुखासाठी दादानं मला मारलं होतं. एकट्यानं खाल्लं त्यानं हे सगळं.

तिथूनच माझ्या डोक्यात आलं. गावाला जायचं. सायकलवर. दादाच्या दारात उभं राहून घंटी वाजवायची. दुसरं काही बोलायचं नाही. त्याला पाय नाही, मला आहेत, आणि सायकल पण आहे. हे चांगल्या माणसाचं मन नाही, मला माहीत आहे. बायकोला मी सांगितलं की चक्कर मारून येतो. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाली, "सुंभ जळला तरी पीळ जाईना तुमचा." मी निघालो.

रोडपर्यंत बरं होतं. आत वळल्यावर मुरमाचा रस्ता, खडी वर आलेली. तिथं उभं राहून पायडल मारावं लागलं, सगळा भार तळव्यांवर. घाम डोळ्यांत जात होता, कंबर बोंबलत होती, बसायची जागा पेटली होती. मी दादाला शिव्या देत पायडल मारत होतो. गावात शिरलो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं.

दादा लिंबाखाली बाजेवर बसला होता, कुबड्या शेजारी टेकवून. वहिनीनं अंगण नुकतंच सारवलं होतं. कितीतरी वर्षांनी मी त्याला समोरून बघत होतो. कळमनुरीला आला तरी तो माझ्या दुकानासमोरून जायचा नाही, पलीकडच्या अंगानं जायचा. म्हातारा दिसत होता. मी सायकल अंगणात घेतली, एक पाय टेकला आणि घंटी वाजवली. एकदा. मग अजून एकदा.

त्यानं सायकलीकडं बघितलंच नाही. तो खाली बघत होता. मी स्टँड लावून चार पावलं पुढं गेलो, तरी तो खालीच बघत होता.

"पाय दाखव," तो म्हणाला.

मला वाटलं, तेच. शेणामुताचे पाय. एवढ्या वर्षांनी तेच तोंडातून आलं ह्याच्या. मी म्हटलं, "काहून? तुझं अंगण बाटलं का?"

"दाखव म्हणतो ना, गाढवा."

मी मागं वळून बघितलं. सारवलेल्या अंगणात माझ्या डाव्या पावलाचे ठसे होते, लालकाळे. सायकलीपासून माझ्यापर्यंत. पायडलावर पण तेच, धुळीत कालवलेलं. मला काही समजेना. मला कुठं काही लागलंच नव्हतं.

त्यानं मनगट धरून मला बाजेवर ओढलं आणि माझा पाय उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला, धोतरावर. ज्या पायांना त्यानं सायकलीजवळ येऊ दिलं नव्हतं. उपरण्यानं धूळ पुसली. चवड्याखाली पायडलाच्या लोखंडानं मांस कापलं होतं, नख बुडेल एवढं. आजचं एकट्याचं नव्हतं ते. खाली जुनी जखम होती, कडा पांढऱ्या पडलेल्या. किती दिवसांपासून मी तिच्यावरच पायडल मारत होतो कुणास ठाऊक.

त्यानं जखमेच्या कडेला अंगठा दाबला. जोरात, दात खाऊन.

"दुखतंय?"

"न्हाई."

"आता?"

"न्हाई."

"मलाबी दुखत नव्हतं," दादा म्हणाला. "मी म्हणलं, धनगराचा पाय हाय."

बसायची जागा दुखत होती, मान, मनगटं, मांड्या, सगळं अंग ओरडत होतं, आणि जिथं ओरडायला पाहिजे होतं तिथं काही नव्हतं. मला भीती वाटली. आयुष्यात तेवढी कधी वाटली नव्हती.

मग त्याचं तोंड सुटलं. अक्कल नसलेला, मूर्ख, सायकल दाखवायला आला, बापाचा वंश बुडवायला निघाला, काय काय बोलला. बोलता बोलता त्यानं वहिनीला हळदीचं नाव काढू दिलं नाही, चुना लावू दिला नाही. "त्यानंच माझा गेला," म्हणाला. उकळलेल्या पाण्यानं धुवायला लावलं, स्वच्छ धोतराची पट्टी फाडून बांधली आणि गावातली जीप बोलावली. मी उठलो आणि हँडलवरची चप्पल काढायला निघालो, तसा तो परत ओरडला, "खाली टेकवू नको तो पाय."

तो कुबडीवर घरात गेला. माळ्यावरून एक पोतं ओढून त्यानं माझ्यापुढं रिकामं केलं. आत जोडे होते. पाय गेल्यापासून त्यानं जेवढे जोड घेतले त्यातले न वापरलेले, कोरेकरकरीत. सगळे डाव्या पायाचे.

"घे," तो म्हणाला. "एका पायाचा जोडा कोण इकून राहिलं मला? जोडच घ्यावा लागतो."

जखम भरायला अख्खा पावसाळा गेला. डॉक्टरनं दर आठवड्याला मेलेलं मांस कापलं, मला त्याचंही काही कळलं नाही, मी फक्त बघत बसलो. पाय वाचला. पायडलांना नवीन रबर बसवलं आणि सायकल पुन्हा सुरू केली. आता रोज सकाळी बायकोचा आरसा जमिनीवर ठेवून दोन्ही तळवे बघतो, मेंदी लावलेल्या नवरीसारखे.

दादाशी माझं अजून पटत नाही. त्यानं मारलेली चापट मी विसरलो नाही आणि त्यानंही कधी तिचं नाव काढलं नाही. गेलो की तो पहिलं वाक्य एकच बोलतो, पाय दाखव, आणि त्याचा मला राग येतो, आणि मी दाखवतो. त्याचे जोडे मला होत नाहीत, त्याचा पाय माझ्यापेक्षा मोठा होता. मी पुढं चिंधी कोंबून घालतो.