सगळं डी मध्ये टाकलंय, काका!

थांबा, हातातलं काम ठेवा बाजूला, हे मला आत्ताच्या आत्ता सांगायचंय. सोनगीरच्या भर चौकात, घोड्यावर नवरदेव बसलेला असताना, गाडीभर स्पीकरमधून माझा आवाज आला. मी गात नव्हते. मी तर तोंडसुद्धा उघडलं नव्हतं!

पहिल्यापासून सांगते. (टायपिंगच्या चुका सोडून द्या.)

माझे किरणकाका धुळ्याला राहतात आणि डीजे वाजवतात. पिकअप गाडी, तिच्यावर कपाटाएवढे स्पीकर, लाल-निळे लाइट, आणि या सगळ्याचा मेंदू म्हणजे एक जुना लॅपटॉप. मी जळगावला, कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. त्यामुळे आमच्या खानदानात कुणाचा मोबाइल हँग झाला, टीव्हीवर मुंग्या आल्या, अगदी मिक्सर बंद पडला तरी एकच वाक्य. "प्राजूला विचारा!" (मिक्सर मी खरंच चालू करून दिला होता. प्लग लावायचा राहिला होता. कुणाला सांगितलं नाही.)

तर काकूच्या भावाचं लग्न ठरलं, सोनगीरला. म्हणजे काकांच्या सासरवाडीत. काकांनी लगेच जाहीर केलं, "वरातीला डीजे आपला! जावयाकडून आहेर!"

यामागे जुनं दुखणं आहे. काकांच्या स्वतःच्या लग्नात, त्याच गावात, वरात निघाली आणि जनरेटर बंद पडला. काका घोड्यावर बसून मारुतीच्या पारापर्यंत गेले ते अशा शांततेत, की रस्त्यावरच्या लोकांना वाटलं, माणूस आजारी आहे, दवाखान्यात नेऊन राहिले. तेव्हापासून काकांचे सासरे, नाना, घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला अहिराणीत ओळख करून देतात, "हाऊ आमना जावई. यानी वरात मुकी व्हती!" काकू तर म्हणते, काकांनी डीजे घेतला तोच या एका वाक्यासाठी.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात काका लॅपटॉप घेऊन जळगावला आले.

"प्राजू, हा भलता हळू चालून राहिला गं. गाणं लावतो, चहा पिऊन येतो, तेव्हा कुठे वाजतं. वरातीत चहा कुठे पिऊ?"

मी उघडून बघते तर सी ड्राइव्ह लालभडक! गच्च! श्वास घ्यायला जागा नाही. आणि शेजारचा डी ड्राइव्ह? कोरा करकरीत!

"काका, सगळा पसारा सी मध्ये कोंबलाय आणि डी रिकामा?"

"तो मी चांगल्या कामासाठी राखून ठेवला होता."

(आमच्याकडे कपाटातला चांगला कपसेट असाच राखून ठेवलाय. त्यातून अजून कुणी चहा प्यायलेला नाही.)

पप्पा पेपरच्या मागून बोलले, "वाजतोय ना? मग हात लावू नको."

हे वाक्य मी आता फ्रेम करून भिंतीवर लावणार आहे. त्या दिवशी मात्र मी हसले. पप्पांना काय कळतं कॉम्प्युटरमधलं!

काका फुले मार्केटला खरेदीला गेले आणि मी कामाला लागले. फोल्डरवर राइट क्लिक, लोकेशन, मूव्ह. डेस्कटॉप, डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स, म्युझिक, चौघांची बदली सी मधून डी मध्ये! शहाण्या माणसाने काय केलं असतं? डी मध्ये आधी चौघांना चार वेगळ्या खोल्या काढून दिल्या असत्या. मी चौघांनाही नुसतं "डी" सांगितलं. कॉम्प्युटरने विचारलं, नक्की का? येस. पुन्हा विचारलं, खरंच नक्की का? येस! मग त्याने काहीतरी लांबलचक लिहून दाखवलं. ते न वाचता येस!!

झालं काय, तर लग्नघरी एकाच हॉलमध्ये सगळ्या पाहुण्यांच्या गाद्या टाकतात ना, तसं. कुणाचा पाय कुणाच्या उशीवर, काही पत्ता नाही. म्युझिक उघडा, तेच. डाउनलोड्स उघडा, तेच. डेस्कटॉपवर तर गाण्यांच्या खाली काकांचं आधारकार्ड, त्याच्या खाली भरीत पार्टीचे फोटो. मला काय वाटलं माहितीये? मला वाटलं, अय्या, किती सोयीचं!

तेवढ्यात काकांचा फोन. "झालं का? धक्धक् होऊन राहिलं मला." फोन कट केला आणि मी त्यांना एक झकास व्हॉइस नोट पाठवली. (ही नोट लक्षात ठेवा.) संध्याकाळी काका परत आले तेव्हा त्यांचा मोबाइलही भरलेला दिसला. मग काय, अंगात आलेलंच होतं! त्यातले फोटो, व्हिडिओ, व्हॉइस नोट, सगळं उचललं आणि टाकलं डी मध्ये. एका गाण्यावर डबल क्लिक करून बघितलं. वाजलं. काकांनी मला तिथल्या तिथे मँगो ज्यूस पाजला.

डीजेचं सॉफ्टवेअर उघडून बघायचं? ते माझ्या डोक्यातच आलं नाही.

आता थेट वरात. घोडा सजलेला. घोड्यावर भूषणमामा, म्हणजे काकूचा भाऊ. समोर नाना, डोक्यावर एवढा मोठा केशरी फेटा की मागच्या माणसाला घोडा दिसेना. आख्खं सोनगीर दोन्ही बाजूंना उभं. काका गॉगल लावून पिकअपवर चढले आणि माइकवर गरजले, "सोनगीरकर, तयार का?" पोरं ओरडली, "होऽऽ!" मीही शेजारी उभी, गळ्यात हेडफोन अडकवून. (त्याची वायर कशालाच जोडलेली नव्हती.)

काकांनी बटण दाबलं.

काही नाही.

परत दाबलं. लिस्टमधल्या प्रत्येक गाण्यासमोर पिवळं उद्गारचिन्ह. फाइल सापडत नाही. फाइल सापडत नाही. फाइल सापडत नाही! सॉफ्टवेअर बिचारं जुन्या पत्त्यावर, सी मध्ये जाऊन दारं ठोठावत होतं. गाणी घर बदलून गेलीत, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

"प्राजू," काका दात न उघडता बोलले, "गाणी कुठेत?"

"डी मध्ये."

"मग आण ना!"

खाली पोरांनी हात वर करून ठेवले होते, ते हळूहळू खाली यायला लागले. घोडा गाणं लागलं की नाचायचा, तसा शिकवलेला. तो मान वळवून माझ्याकडे बघायला लागला. घोडा! माझ्याकडे! आणि गर्दीतून फेटा सरकत सरकत पिकअपपाशी आला.

"काय व्हयनं जावई?"

"काही नाही नाना, एकच मिनिट. सेटिंग."

"आज बी मुकी शे का?"

काकांनी गॉगल काढला. त्यांचे डोळे मला बघवेनात. मी माउस धरला, म्युझिक फोल्डर उचलला आणि आख्खाच्या आख्खा लिस्टमध्ये नेऊन सोडला. लागू दे कुठलंही गाणं!

आता तीन गोष्टी एकदम झाल्या. एक, म्युझिक म्हणजे आख्खा डी ड्राइव्ह, हे मी विसरले. दोन, काका ऑटो मोड (एक संपलं की पुढचं आपोआप) कायम चालू ठेवतात, कारण त्यांना दोन्ही हात हवेत हलवायचे असतात. आणि तीन, लिस्ट लागते ए-बी-सी-डीने, आणि मोबाइलमधल्या व्हॉइस नोटांची नावं सुरू होतात 'ए' ने. हे ज्ञान मला आणि सोनगीरला एकाच सेकंदाला मिळालं.

स्पीकर घुमले. पिकअप हादरली. आणि आवाज आला काकूचा!

"अहो, ऐका ना. वरातीत आमचे नाना नाचायला लागले की गाणं लगेच बदला हं. तो फेटा घालून ते पाण्याच्या टाकीसारखे दिसतात. मला हसू आवरत नाही!"

आख्खा चौक फेट्याकडे बघायला लागला. आरतीचं ताट घेऊन उभी असलेली काकू ताटासकट शेजारच्या बाईच्या मागे गेली. मी थांबवायचं बटण दाबलं. लॅपटॉप हँग! बाण गोल गोल फिरतोय, आणि पुढची फाइल सुरू.

"काकाऽऽ! टेन्शनच घेऊ नका! सगळं डी मध्ये टाकलंय! आता शंभर वर्षं काही होत नाही. आणि झालंच ना, तर माझं नाव बदला!"

मी! कपाटाएवढ्या स्पीकरमधून, बेससकट मी!

लोकांनी पिकअपवर बघितलं. गळ्यात हेडफोन घालून मीच उभी. आणि तेवढ्यात लॅपटॉप त्या जागेवरच अडकला. "टेन्शनच घेऊ, टेन्शनच घेऊ, टेन्शनच घेऊ, टेन्शनच घेऊ..."

मग घोड्यावरून खुसखुस ऐकू आली. भूषणमामा! मुंडावळ्या थरथरताहेत, माणूस हसून हसून घोड्याच्या मानेवर आडवा. आणि काकांच्या चेहऱ्यावर काहीतरी झालं. त्यांनी गॉगल परत लावला. त्यांच्या पॅडमध्ये, म्हणजे बोटांनी वाजवायच्या छोट्या यंत्रात, ढोलाचा ठेका होता, त्याला लॅपटॉप लागत नाही. त्यांनी तो माझ्या आवाजाखाली सोडला.

टेन्शनच घेऊ, ढाण ढाण! टेन्शनच घेऊ, ढाण ढाण!

पहिला नाचला घोडा. मग पोरं. मग नाना! त्यांनी फेटा दोन्ही हातांनी घट्ट धरला, शेजारणीमागे लपलेल्या लेकीपुढे गेले आणि म्हणाले, "देख! आते टाकी नाचस!" काकू आधी रडली, मग हसली, मग तीही नाचली. मारुतीच्या पारापर्यंत वरातीला एकच गाणं होतं, आणि ते मी होते. एका म्हाताऱ्या आबांनी मला खालून विचारलं, "पोरी, याचं दुसरं कडवं नाही का?"

पाराशी पोहोचल्यावर नानांनी काकांचा हात धरून पाहुण्यांना सांगितलं, "हाऊ आमना जावई. यानी वरात बठ्ठ्या गावनी ऐकी!" (बठ्ठ्या म्हणजे सगळ्या.) काकांनी वाकून नानांना नमस्कार केला. मला मात्र त्यांनी मँगो ज्यूस पाजला नाही. लॅपटॉप मी मांडवाच्या मागे बसून नीट केला. चौघांना चार वेगळे फोल्डर दिले, गाण्यांचा नवा पत्ता सॉफ्टवेअरला सांगितला, आणि या वेळी जे जे विचारलं ते सगळं वाचलं. पप्पा पूर्ण वेळ शेजारच्या खुर्चीत बसून होते. एक शब्द बोलले नाहीत. पण किती मोठ्याने बोलले नाहीत!

आता धुळ्याकडची पोरं काकांना बुकिंगलाच विचारतात, "ते टेन्शनवालं आहे ना?" आणि सोनगीरमध्ये माझं खरं नाव कुणाला माहीत नाही. परवा काकूकडे गेले तर स्टँडवरच एक पोरगं ओरडलं, "ए, टेन्शनताई आली!" नाव बदला म्हटलं होतं ना मी. बदललं.

तुमच्याकडे झालंय का असं कधी? कुणाचं नीट चाललेलं काही तुम्ही आणखी नीट करून दिलंय का? मला नक्की कळवा. पण लिहून कळवा हं. व्हॉइस नोट नको!