पिंजऱ्यांवरची कार्डं

चूक माझी होती. आमच्या प्रयोगशाळेतले उंदीर सांभाळणारे किसनमामा कामात ढिलाई करतात, असं मी वरिष्ठांना लेखी कळवलं होतं. दीड महिन्यापूर्वी त्यांच्या गावाहून, पिशोरहून, त्यांच्या मुलाचा फोन आला, "बाबा गेले." मला आधी तो कागदच आठवला.

छत्रपती संभाजीनगरातल्या त्या प्रयोगशाळेत मी उंदरांवर पार्किन्सन्सचा, म्हणजे कंपवाताचा, अभ्यास करायचो. विषारी रसायन टोचून मेंदूतल्या काही पेशी मारायच्या, मग केसाएवढ्या तारेनं उरलेल्या पेशींची विजेची तडतड स्पीकरवर ऐकायची. मामांचं घराणं मेंढरांमागं फिरलेलं. निरोगी उंदराचा विखुरलेला आवाज ऐकून ते म्हणाले, "ही पांगून चरतेत, सर." आजारी उंदराच्या पेशी झुंडीनं तडतडल्या तेव्हा म्हणाले, "अन् ही बुजली." इतकं नेमकं मला शोधनिबंधातही लिहिता आलं नव्हतं…

पिंजऱ्यांवरची कार्डं मामाच लिहीत. त्यांचं टपोरं अक्षर हळूहळू बारीक झालं. पिंजरे धुवायला दुप्पट वेळ लागू लागला. मी चिडलो. "मामा, ही कार्डं काय मुंग्यांनी वाचायची?"

"हात ऐकत नाय, सर."

"मन लावा, ऐकेल."

हात कापत नव्हता, म्हणून मला शंकाही आली नाही. अक्षर आक्रसणं, हालचाल मंदावणं ही त्या आजाराचीच लक्षणं, हे मी इतरांना शिकवत होतो. उंदीर मंदावला की वहीत टिपायचो. माणूस मंदावला तर तक्रार केली. त्यावरून त्यांना उंदरांकडून काढून फाटकावर राखणीला बसवलं. त्यांच्या आजाराचं निदान दोन वर्षांनी झालं, तेही मला दुसऱ्याकडून कळलं. भेटायला जाईन म्हणत राहिलो… गेलो नाही.

फोननंतर जुनी कार्डं शोधून तारखेनं लावली. सगळं त्यात होतं, माझ्याच ड्रॉवरमध्ये. ती घेऊन पिशोरला गेलो. मामी एकेका कार्डावरून बोट फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुमचा कागद लई लागला त्यांना. शेवटपर्यंत म्हणायचे, मी कामचोर नव्हतो गं."

मी एका कोऱ्या कार्डावर लिहिलं आणि त्यांच्या हाती दिलं. त्यांनी ते परत केलं. "मला वाचता येत नाय. बाहेर भावकी बसलीय. तिथं वाचा, मोठ्यानं."

ओट्यावर गेलो, उभ्यानंच वाचलं, "किसनमामांनी कामात ढिलाई कधीच केली नाही. तो आजार होता. रोज त्याचाच अभ्यास करूनही मी तो ओळखला नाही. मामा, मला माफ करा."