आमच्या साडूंची पिवळी परीक्षा

सगळ्या जगाची काळजी एकाच माणसाच्या डोक्यावर ठेवली तर तो माणूस कसा दिसेल, हे कुणाला बघायचं असेल त्यानं आमच्या साडूंना बघावं. कपाळाला कायमच्या आठ्या, खिशात काचेची बारकी नळी आणि औषधाची बाटली, खांद्याला घरच्या पाण्याची बाटली. नोकरी महापालिकेच्या आरोग्य विभागात. आता नोकरी तर पुष्कळ लोक करतात, पण संध्याकाळी ती हापिसात ठेवून घरी येतात. आमचे साडू ती झोपेतही करायचे. माझी मेहुणी सांगते, मध्येच दचकून उठायचे आणि म्हणायचे, "अगं, ड्रमावर झाकण हाय का?"

आमच्या शहरात नळाला पाणी येणं म्हणजे पाहुणा येण्यासारखं. आला की चार दिवसांचं साठवून ठेवायचं. त्यामुळं घरोघरी ड्रम, हंडे, टाक्या, आणि त्या सगळ्यांत डोकावणारे आमचे साडू. कुणाच्या घरी गेले की चपला काढायच्या आधी कूलरमागं वाकायचे. एकदा एका घरी आम्ही सांत्वनाला गेलो होतो. घरधनी जाऊन दोनच दिवस झालेले. साडूंनी डोळे पुसले, म्हाताऱ्या बाईंचे हात हातात घेतले आणि रडवेल्या आवाजात म्हणाले, "गेले ते लई चांगले गेले मावशी, पण हा कूलर रिकामा करा, अळ्या झाल्यात." बाई रडता रडता हसल्या. माझ्या बायकोनं मात्र मला असा चिमटा काढला की दंडावर वळ उठला. जसा काही साडू मीच निवडला होता!

नळीची तऱ्हा तर विचारूच नका. पाण्यात औषधाचा थेंब टाकला आणि पाणी पिवळं झालं, की त्यात क्लोरीन आहे, पाणी बिनधास्त प्या. पांढरंच राहिलं तर साडूंचाच चेहरा पिवळा. माझ्या पुतणीला स्थळ बघायला गेलो तेव्हा पोह्यांबरोबर पाणी आलं. साडूंनी बैठकीतच नळी काढली. मुलाकडचे आ वासून बघत राहिले. पाणी पिवळं झालं तसे साडू खुलले. "द्या मुलगी. घर चांगलं हाय." मुलाचा पगार त्यांनी विचारलाच नाही. आणि एवढं करून प्यायले स्वतःच्याच बाटलीतलं. बाहेरचा घोट नाही, बाहेरचा घास नाही. सासुरवाडीतसुद्धा नाही.

कोपऱ्यावरच्या पाणीपुरीवाल्यापाशी ते रोज संध्याकाळी उभे राहायचे. खायला नव्हे, राखणीला. "पहले हाथ धो, भाई. मग गिऱ्हाईक." मी एकदा म्हटलं, एवढं वाटतंय तर गाडा उचलून न्या ना. तर माझ्यावरच उखडले. "उचलला तर ह्याची चूल विझती. नाय उचलला तर लोकांची पोटं बिघडत्यात. मला दोन्हीकडं लक्ष द्यावं लागतं, साडूभाऊ!" हाताखालच्या सफाईच्या बायांचंही तेच. उन्हाळ्यात प्रत्येकीला लिंबू-मीठ-साखरेचं पाणी पाजल्याशिवाय झाडू हातात घेऊ द्यायचे नाहीत. बाया त्यांना तोंडावर साहेब म्हणायच्या आणि मागं 'आमची सासू'.

मग दोन वर्षांमागं उन्हाळ्यात आमच्या गल्लीत उलट्या-जुलाब सुरू झाले. माझी तिथं खानावळ. बाहेरगावची शिकणारी पोरं आणि कंपनीतली माणसं जेवायची, त्यावरच आमचं घर. नळाला पाणी नव्हतं म्हणून सगळ्या गल्लीनं एका खासगी टँकरचं पाणी घेतलेलं, मीही घेतलेलं. साडू आले. नळीत माझ्या टाकीचं पाणी घेतलं, थेंब टाकला. पांढरं. परत टाकला. पांढरं. नळी हलवली, उजेडात धरली, मग मटकन स्टुलावर बसले.

"दार लावा, साडूभाऊ."

माझी बायको लाटणं घेऊनच बाहेर आली. "दाजी, घरच्यांच्याच पोटावर पाय देता व्हय?"

"अक्का," ते म्हणाले, "जेवणारी पोरं बी कुणाच्या तरी घरचीच हायेत."

दार लागलं. टाकी घासली, पाणी तपासून आलं, परवानगी मिळाली, दार उघडलं. पण माणूस फिरकेना. गल्लीत एकदा नाव खराब झालं की झालं. भाताचं पातेलं भरलेलंच राहायचं. पोरीची फी, जागेचं भाडं, सगळं अडलं. साडूंवर इतका राग होता की त्यांचं नाव निघालं तरी मी उठून जायचो.

आणि एका भर दुपारी ते आले. मागं सगळ्या सफाईच्या बाया. साडू रस्त्याकडच्या पहिल्या टेबलावर बसले. खिशातली नळी काढली नाही. खांद्याची बाटली माझ्या हातात दिली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पाणी द्या."

डोळे मिटून त्यांनी ग्लास रिकामा केला. मग जेवले. बाया बसायला निघाल्या तशा ओरडले, "थांबा! आधी मी. मला काय होत नाय तोवर एकीनंही ताटाला हात लावायचा नाय." बाया ओट्यावर बसून राहिल्या. थोड्या थोड्या वेळानं एकजण डोकावून विचारायची, "साहेब, हाय ना बरं?" साडू पोट चाचपून म्हणायचे, "हाय अजून." समोरच्या दुकानदारापासून पाणीपुरीवाल्यापर्यंत सगळी गल्ली ते बघत होती. जो माणूस सासऱ्याच्या घरचं पाणी पीत नाही, तो इथलं प्यायला! संध्याकाळी जेवणारी पोरं परत आली. बायको आत जाऊन पदरात तोंड घालून रडली, आणि मीही रडलो, लपवू कशाला?

यंदा साडू रिटायर होऊन गावी गेले, पार फर्दापूरच्याही पलीकडं, जाताना एक नळी आणि औषध मला देऊन. रोज सकाळी फोन यायचा. "पिवळं?" मी म्हणायचो, "पिवळं." फोन बंद. नमस्कार नाही, चमत्कार नाही. परवा मात्र फोन आलाच नाही. मी नळी धुतली, थेंब टाकला, पाणी पिवळं झालं, आणि सांगायला कुणी नाही. भाजीत दोनदा मीठ पडलं. शेवटी मीच लावला, तर मेहुणी म्हणाली, "गावच्या टाकीवर चढलेत, औषध टाकलंय का बघायला." या वयात! उंचावर चक्कर येणाऱ्या माणसानं! दुपारी फोन वाजला तेव्हा मी हॅलोसुद्धा म्हटलं नाही.

"शिडी कुणी धरली होती?"

"कोण धरणार? इथं माझ्या बाया हायेत व्हय?" ते हसले. मग हळूच म्हणाले, "तुम्हालाबी लागली म्हणायची काळजी."

"लागली. पाणी पिवळं झालं का तिथलं?"

"अजून नाय. उद्या परत चढतो."

"थांबा," मी म्हणालो. "उद्या खानावळ बायको बघंल. मी येतो शिडी धरायला."