दाजींच्या संगणकाचा रामराम

पाहुणचारात आमच्या दाजींचा हात धरणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात सापडायचा नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, मूळचे कन्नडकडचे. एसटीत शेजारी बसलेल्याला ते उतरायच्या आत घरी जेवायला बोलावत, आणि मीटर बघायला आलेला माणूस चहा न घेता निघाला तर त्याची सायकल धरून ठेवत. वाळूजच्या कारखान्यात संगणक आला आणि दाजींच्या ताब्यात गेला, तेव्हा त्यालाही त्यांनी वळण लावलं. कुणी आपलं नाव टंकून त्यात शिरलं की ते यंत्र आधी एक फाईल वाचून कामाला तयार होई. दाजींनी त्याच फाईलीत, येणाऱ्याच्या पडद्यावर उमटेल असं, इंग्रजी अक्षरांत लिहून ठेवलं, 'रामराम. या, बसा. जेवण झालं का?' मी हसलो तर म्हणाले, "पाव्हणं, यंत्र असलं म्हणून काय झालं? आल्यागेल्याला इचारायचं का नाय?"

नामांतराच्या आंदोलनाचे दिवस होते. आज बस असे, उद्या नसे. मी त्याच कारखान्याच्या शहरातल्या ऑफिसात, गुलमंडीजवळ, कामाला होतो. म्हणून आमच्या साहेबांनी ठरवलं, मालाची रोजची यादी मी तिथल्या संगणकावरून, टेलिफोनच्या तारेनं, दाजींच्या यंत्रात धाडायची. ती काही पोचेना. मी स्वतः इथून त्यांच्या यंत्रात शिरलो की रामराम येई, सगळं झकास. यादी पाठवली की वाटेतच गचके. तिकडे दाजींनी तार बदलली, फोन बदलला, शेवटी उदबत्तीही ओवाळली. इकडे मी जाडजूड पुस्तक वाचत बसलो आणि होतं तेवढंही विसरलो. साहेब म्हणाले, "शनिवारपर्यंत यादी पोचली नाही तर पुण्याचा माणूस आणतो. दाजी परत गोदामात." दाजींचं अन्न तुटलं, म्हणजे चारऐवजी दोन भाकरी.

शनिवारी दुपारी एका तळटीपेनं माझे डोळे उघडले. यादी देताना आमचं यंत्रही माणसासारखंच आत शिरतं, पण त्याला तिथून ठरलेलं उत्तरच हवं असतं. कुणी जेवणाचं विचारलं की ते बावचळून माघारी फिरतं. फोनवर हे दाजींना सांगितलं.

"म्हंजी माझ्या रामरामानंच घात केला?"

"व्हय, दाजी."

त्यांनी त्या ओळी स्वतःच्या हातानं पुसल्या. यादी लगेच पोचली, त्यांची खुर्चीही वाचली. "लई मुकं वाटतंय आता," एवढंच ते म्हणाले.

फार वर्षांनी मला कळलं की आलेला माणूस आहे की यंत्र, हे त्या फाईलीतच आधी पाहता येतं, आणि माणसापुरता रामराम ठेवता येतो. एका ओळीचं काम. तोवर दाजी निवृत्त झाले होते. त्यांना हे सांगायला मी दोनदा गेलो, आणि दोन्ही वेळा न सांगताच परत आलो.